आर्डिसचा अंगठा

आमच्या गावात चांदी टिकत नाही. नदीच्या वळणावर कागदगिरणी आहे, ती लाकडाचा लगदा शिजवते, आणि पश्चिमेचा वारा सुटला की सगळं गाव सडक्या अंड्यासारखं घाणतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, त्याच वासावर आमच्या घराघरात चुली पेटल्या. पण चांदीला तो वास सोसत नाही. नाणं उघडं ठेवा, महिन्यात पिवळं पडतं, वर्षात तपकिरी, आणि दहा वर्षांत तव्याच्या बुडासारखं.

मी आल्विन क्लक. गिरणीत एकतीस वर्षं पाळ्या केल्या, आणि तेवढीच वर्षं गिरणीच्या हवेपासून चांदी वाचवत आलो. सेंट स्टॅनिस्लॉस चर्चच्या तळघरात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमचं नाणेमंडळ भरतं. दर ऑक्टोबरात तिथे माझं एकच भाषण असतं, चांदीची नाणी कशी ठेवावीत. रबरबँड नको. लोकरीचं कापड नको. तपकिरी कागदाचं पाकीट नको. ओकच्या लाकडाचा खण नको, मऊ प्लास्टिकचे खिसे तर नकोच नको. कडक प्लास्टिकची गोल डबी घ्या, सोबत ओलावा शोषणारी पुडी टाका, आणि ते सगळं लष्कराच्या जुन्या काडतुसांच्या पत्र्याच्या पेटीत बंद करा. नाणं नेहमी कडेला धरा, त्याच्या तोंडाला, म्हणजे सपाट बाजूला, बोट लावू नका. आणि काही झालं तरी नाणं पुसू नका, घासू नका, धुऊ नका. लोक हसतात, कारण त्यांना ते पाठ झालंय. शेवटचं वाक्य तर सगळे माझ्याबरोबर मोठ्यानं म्हणतात.

आणि माझ्या स्वतःच्या तळघरात, रंगाच्या डब्यांच्या मागे, चांदी उजळायच्या औषधाची बाटली आहे. हे मंडळात कोणालाच माहीत नाही. मार्लिसला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत आहे. ती म्हणते, काही माणसं रंगाच्या डब्यांमागे दारू लपवतात, आमच्याकडे हे.

तर गेल्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास लिरॉय आला. लिरॉय वियेर्झबा आणि मी पहिलीपासून एका बाकावर. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीचं ऑपरेशन होतं, हृदयातली एक झडप बदलायची होती. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला, एक लहानसं तपकिरी पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "हे तुझ्याकडे ठेव. घरात सुतार येणारेत, दाराशी पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता करायला. डनीज सगळं उपसणार. हरवायला नको."

"काय आहे?"

"आर्डिसचा डॉलर. आहे तसा ठेव. आणखी काळा पडू देऊ नको."

आर्डिस त्याची बायको. दोन वर्षं झाली जाऊन. तो डॉलर मला माहीत होता. एकोणीसशे एकसष्ट साली त्यांच्या लग्नात, आमच्या पोलिश रिवाजाप्रमाणे, कोपऱ्यात एक जाड पांढरी ताटली मांडली होती. नवरीबरोबर नाचायचं तर चांदीचा डॉलर फेकून आधी ती ताटली फोडायची. चाळीस माणसांनी फेकले, कोणाच्यानं फुटेना. शेवटी नवऱ्यालाच राग आला आणि त्यानं आपल्या खिशातला बावीस सालचा डॉलर असा भिरकावला की ताटलीचे तीन तुकडे झाले. तो डॉलर आर्डिसनं त्याच रात्री उचलून ठेवला.

"पोटात गोळा आलाय का?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघून आला," लिरॉय म्हणाला आणि गेला. डनीज गाडीत वाट बघत होती. ती त्याची एकुलती एक मुलगी.

मी पाकीट तळघरात नेलं. खरं सांगतो, आधी मला त्या पाकिटाचाच राग आला. तीस वर्षं मी ओरडतोय, तपकिरी कागद नको, त्यात गंधक असतं. आणि माझ्या जिवलग दोस्तानं बायकोचा डॉलर नेमका त्यातच ठेवला होता. दिव्याखाली धरून बघितलं. कडा निळसर काळी, ते ठीक आहे, ते कोणाकोणाला आवडतंही. पण नाण्यावर कोरलेल्या बाईच्या गालावर, हनुवटीपासून कानापर्यंत, आडवा अंगठ्याचा ठसा. गडद तपकिरी, रेघ न् रेघ उमटलेली. कोणीतरी अख्खा अंगठा दाबून धरला होता आणि वर्षानुवर्षं तो चांदीत मुरत गेला होता.

तुम्हाला सांगून पटणार नाही, पण मला ते बघवत नाही. कोणाला फळ्यावर नख ओढलेलं ऐकवत नाही ना, तसं. मी स्वतःला म्हटलं, हा काही दुर्मीळ डॉलर नाही. बावीस सालचे ढिगानं पाडलेले आहेत. धुतला तर बाजाराचं काही बिघडत नाही. उद्या लिरॉयच्या छातीत सुरी जाणार, तो बरा होऊन आला की त्याच्या हातात लग्नाच्या दिवशी होता तसा लखलखीत डॉलर ठेवायचा. 'आणखी काळा पडू देऊ नको' म्हणाला ना? मी म्हटलं, आणखी कशाला, मुळातलाही घालवतो. मला अगदी उदार वाटत होतं. असं उदार वाटायला लागलं की माणसानं आपले हात बांधून घ्यावेत, हे मला आता कळतं.

मी बाटली काढली. डॉलर कडेला धरून चार सेकंद बुडवला. ठसा विरघळताना दिसत नाही, तो एकदम नसतोच. मग शुद्ध पाण्यातून तीनदा काढला, मऊ कापडावर टिपला, गोल डबीत घातला, पेटीत ठेवला. वर येऊन घड्याळ बघितलं तर पाकीट हातात आल्याला चाळीस मिनिटं झाली होती.

मंगळवारी दुपारी डनीजचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. मी खुर्चीत बसलो, इतका वेळ उभाच होतो हे तेव्हा लक्षात आलं.

"आल्विनकाका, बाबा मघाशी जरा शुद्धीवर आले," ती म्हणाली. "पहिलं काय विचारलं असेल? मला वाटलं, मी कुठेय वगैरे. तर म्हणाले, आल्विननं तुझ्या आईचा अंगठा नीट ठेवलाय ना?"

"काय?"

"त्या डॉलरवर आईचा ठसा आहे ना. तुम्हाला माहितीच असेल. बाबा रोज सकाळी तो काढून बघतात. बाकी आईचं काही राहिलंच नाही हो, केसांचा ब्रशसुद्धा मी धुऊन दिला चर्चच्या विक्रीला, त्यावरून महिनाभर बोलत नव्हते माझ्याशी. ठेवलाय ना नीट?"

"पेटीत आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"रविवारी घरी सोडतील. डॉक्टर म्हणालेत, त्यांना कसलाही त्रास होता कामा नये."

मी फोन ठेवला. मार्लिस ओट्याशी बटाटे सोलत होती. तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "मेला?" तिनं विचारलं.

"नाही. चांगला आहे."

"मग तुझं तोंड असं का झालंय?"

मी सांगितलं. तिनं ओले हात फडक्याला पुसले.

"बाटली," ती म्हणाली. "मी तुला किती वेळा म्हटलं ती बाटली फेक."

"मला काय माहीत तो आर्डिसचा ठसा आहे?"

"त्यांच्या घरात दोन माणसं. लिरॉय बिचारा तुझ्या धाकानं नाणं कडेला धरतो. मग उरलं कोण, मांजर?"

ती म्हणाली, सरळ जाऊन सांग. मी म्हटलं, आज सकाळी छाती फाडलीय त्याची, आणि लगेच जाऊन हे सांगू? कसलाही त्रास होता कामा नये, डॉक्टरच म्हणालेत. मला ते डॉक्टरांचं वाक्य फार आवडलं. उरलेला दिवसभर मी ते तोंडातल्या गोळीसारखं चघळत होतो.

संध्याकाळपर्यंत मला घरात बसवेना. तळघरात जायचो, पेटी उघडायचो, तो चकचकीत गाल बघायचो, पेटी बंद करायचो, वर यायचो. तो ठसा कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचो. गालावर होता. जरा डावीकडे कललेला. मधल्या रेघांचा भोवरा होता का, कमान होती? मी भिंग लावून बघितला होता, पण गुन्हेगाराकडे बघावं तसा. आर्डिसचा म्हणून एकदाही बघितला नव्हता.

आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. ठसा परत करता येईल.

हसू नका. चांदी काळी कशानं पडते हे या जिल्ह्यात माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे? तीस वर्षं मी लोकांना जे जे करू नका सांगत होतो, ते ते सगळं आता करायचं, इतकंच. बोटाचं तेल आणि मीठ चांदीवर ठेवायचं, वरून गिरणीची हवा द्यायची. दहा वर्षांचं काम पाच दिवसांत उरकायचं. डबीत बंद करून लिरॉयच्या हातात दिलं की तो काय भिंग घेऊन बसणार आहे? त्याच्यासाठी तो आर्डिसचाच अंगठा राहील. कोणाचं काही गेलं नाही.

बाईचा अंगठा हवा म्हणून मी मार्लिसकडे गेलो. ती खुर्चीत बसून कोडं सोडवत होती.

"जरा अंगठा दे," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसाराचा हाच तर ताप आहे. "आल्विन क्लक," ती म्हणाली, "मेलेल्या बाईच्या जागी मी माझा अंगठा देऊ? ती माझ्याशी पत्ते खेळायची. वरून बघत असेल तर काय म्हणेल?"

"वरून कोणी बघत नाही."

"मग रविवारी चर्चला कशाला येतोस, डोनट खायला?" आणि तिनं दोन्ही हात मांडीवरच्या चादरीखाली घातले.

म्हणून माझाच अंगठा. नाकाच्या बाजूला घासला, तिथे तेल जास्त असतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात जपायच्या नाण्याच्या तोंडावर मी कधी बोट ठेवलं नव्हतं. जरा डावीकडे कलवून अंगठ्याचं टोक बाईच्या गालावर दाबलं, दहापर्यंत मोजलं, उचललं. ओशाळल्यासारखं झालं, कोणाच्या तरी कपाटात हात घालताना पकडलो गेल्यासारखं.

मग हवा. आणि बुधवारी सकाळी काय, तर पूर्वेचा वारा. स्वच्छ, थंड, पाइनच्या वासाचा. गिरणीची सगळी घाण पलीकडच्या काठावर. तीस वर्षं पश्चिमेचा वारा सुटला की मी खिडक्या लावत धावायचो, आणि आता खिडकीत डॉलर मांडून त्याच वाऱ्याची वाट बघत बसलो होतो. दुपारपर्यंत वाट बघितली. शेवटी डॉलर बशीत घेऊन गाडीत बसलो आणि नदीपलीकडे गिरणीच्या मागच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो, चारी काचा खाली करून. वास असा की डोळ्यांतून पाणी.

फाटकावरचा पहारेकरी युजीन मला ओळखतो, मंडळातलाच आहे. तो कुंपणापाशी आला, बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आल्विन, हे काय चाललंय?"

"चांदी काळी करतोय."

"मार्लिसला माहितीय तू इथे आहेस?" त्यानं हळूच विचारलं, आपण म्हाताऱ्या माणसांना विचारतो त्या आवाजात. मी म्हटलं, माहितीय, आणि डोकं ठिकाणावर आहे, जा तू. तो गेला, पण दोनदा वळून बघितलं.

तीन तासांत नुसती पिवळट झाक आली. म्हणून गुरुवारी सकाळी अंडी, गिरणीच्या हवेतलं गंधक त्यांच्यातही असतं. सहा अंडी उकडली, अर्धी चिरून मोठ्या बरणीत घातली, वर जाळीवर डॉलर ठेवला, झाकण लावलं, बरणी हीटरजवळ. मार्लिस म्हणाली, या घरात आता अंडं खायची सोय राहिली नाही. दर तासाला मी बरणीत डोकावत होतो. आधी सोनेरी, मग तांबूस, आणि त्या तांबसात हळूहळू ठसा वर यायला लागला. रेघा दिसू लागल्या. माझ्या रेघा.

त्याच संध्याकाळी मंडळ. ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार, म्हणजे माझं भाषण. मी मार्लिसला म्हटलं, बरं नाही म्हणून कळव. ती म्हणाली, तुझं तू कळव, माझा अंगठा मिळाला नाही, जीभही मिळणार नाही.

गेलो. अठरा माणसं, कॉफी, कोणीतरी आणलेला भोपळ्याचा केक. युजीन पहिल्याच रांगेत, डोळे माझ्यावर. मी सुरू केलं. रबरबँड नको, लोकर नको, कागद नको. तोंडातून आपोआप येत होतं. मग तो शेवटचा भाग आला, पुसू नका, घासू नका, आणि सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं, "धुऊ नका." मी म्हटलंच नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, युजीन सोडून.

मग एका नव्या बाईनं हात वर केला. शाळेत शिकवते, वडिलांचे डॉलर मिळालेत तिला. तिनं विचारलं, "एका डॉलरवर बोटाचा ठसा आहे. तो कसा काढायचा?"

"काढायचा नाही," मी म्हणालो. "तो आता त्या नाण्याचाच झालाय."

"पण वाईट दिसतं."

"दिसू दे. कोणाचा आहे ते आधी विचारा घरात."

ती जरा गोंधळली, पण वहीत लिहून घेतलं. मी कॉफीसुद्धा न पिता घरी आलो.

शनिवारी दुपारी डॉलर बरणीतून काढला. आणि आता लाज वाटते, पण सांगतो, काम सुरेख झालं होतं. कडा निळसर, गाल तांबूस आणि गालावर तपकिरी अंगठा, जसा काही वर्षानुवर्षं तिथेच आहे. मी डबीत बंद केला. मार्लिसला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "दिसतो खरा." मग चष्मा काढून म्हणाली, "म्हणूनच जास्त वाईट आहे." रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपली.

रविवारी जेवणानंतर मी लिरॉयकडे गेलो. दाराशी उताराचा नवा रस्ता तयार होता, लाकडाचा वास येत होता. लिरॉय स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी आरामखुर्चीत होता, अंगावर चौकटीचा गाऊन, गळ्यापाशी पट्टीचं टोक दिसत होतं. पाच दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग. डनीज औषधं आणायला जात होती, म्हणाली, काका, मी येईपर्यंत बसा, आणि त्यांना उठू देऊ नका.

"गोळा गेला का पोटातला?" मी विचारलं.

"गेला. आता छातीत दुसऱ्या कोणाची तरी झडप आहे. डुकराची म्हणतात."

"मग काही बदललं नाही."

तो हसला आणि लगेच छाती धरली. "हसवू नको रे. आणलंस?"

मी ठरवून गेलो होतो, डबी द्यायची, हवापाण्याच्या गोष्टी करायच्या, निघायचं. मी डबी त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. माझं हृदय असं धडधडत होतं की झडप मलाच हवी होती.

"किती छान ठेवलंस," लिरॉय म्हणाला. "पाकिटातून काढताना मला भीती वाटायची. कडेला धरायचो, तू शिकवलंस तसं. इतकी वर्षं कधी त्यावर बोट टेकवलं नाही, पुसलं जाईल म्हणून." त्यानं आपला अंगठा सावकाश डबीच्या झाकणावर, बरोबर त्या ठशाच्या वर ठेवला. "आता हे झाकण आहे. आता टेकवता येतो." आणि त्यानं डोळे मिटले.

मला ते सोसलं नाही. डॉक्टर गेले खड्ड्यात, मला नाहीच सोसलं.

"लिरॉय, तो माझा आहे," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले.

"तो ठसा माझा आहे. आर्डिसचा मी धुऊन टाकला. सोमवारीच. मग माझा उठवला, अंडी लावून. मला माफ कर. माहीत नव्हतं म्हणून धुतला, पण नंतरचं सगळं माहीत असून केलं."

त्यानं अंगठा उचलला. डबी मांडीवर ठेवली. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी उठलो, पाणी देऊ का विचारलं. त्यानं मान हलवली. मला वाटलं, मी आज माणूस मारला.

"तुला आठवतं," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या घरी पत्ते खेळत होतो, आर्डिसनं हा डॉलर आणला होता, मार्लिसला दाखवायला. आर्डिसनं तो नुसता हातात धरला तर तू तिच्यावर ओरडलास. सगळ्यांसमोर. कडेला धर, कडेला धर, असं तोंडाला बोट लावतात का."

मला आठवत नव्हतं. मी कोणाकोणावर ओरडलोय त्याचा काही हिशेबच नाही.

"घरी आली ती या टेबलाशी बसली. आधी रडली थोडी. मग हसायला लागली. आणि बघ, असा, मुद्दाम अंगठा दाबून धरला त्याच्यावर. म्हणाली, हा आल्विनसाठी. कधीतरी हा त्याच्याकडे ठेवायला दे. एक दिवससुद्धा धीर धरवणार नाही त्याला, पुसून टाकील."

मी खाली बघत होतो.

"मी म्हटलं, नाही पुसणार," लिरॉय म्हणाला. "ओरडतो तो, पण दुसऱ्याच्या वस्तूला असं करायचा नाही. आम्ही पैज लावली. मी तुझ्या बाजूनं लावली होती, आल्विन."

त्यानं डबी मांडीवरून उचलून पुन्हा उजेडात धरली.

"किती दिवस धीर धरलास?"

"चाळीस मिनिटं."

त्याच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. छाती दोन्ही हातांनी दाबून धरली होती, गालांवरून पाणी वाहत होतं. "जिंकली," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं. जिंकली की रे ती."

"पैज कशाची होती?"

"हरणाऱ्यानं वर्षभर भांडी घासायची."

तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन खरंच उठायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. मग बाह्या वर केल्या, नळ सोडला आणि बेसिनपाशी उभा राहिलो. त्यानं नको म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही.

भांडी होत आली तेव्हा मागून म्हणाला, "डबीतून काढ तो. तिथे ठेव, खिडकीच्या कट्ट्यावर. उघडा."

"काळा पडेल."

"पडू दे."

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर मी लिरॉयकडे जातो आणि भांडी घासतो. आतापर्यंत एकतीस रविवार झाले, एकवीस राहिले. तो मागे खुर्चीत बसून सांगतो, कढईच्या कडेला राहिलंय, ताटलीच्या तोंडाला बोट लावू नको, कडेला धर. डॉलर माझ्या नाकासमोर कट्ट्यावर असतो. खिडकी पश्चिमेची आहे आणि तो ती मुद्दाम उघडी ठेवतो. आधी बाईचं कपाळ गेलं, मग मुकुटाचे किरण, आता गालही काळवंडत आलाय, माझ्या अंगठ्यासकट. माझे हात साबणाच्या पाण्यात असतात, मऊ फडकं खांद्यावर असतं, आणि तो तिथे, हातभर अंतरावर. दर रविवारी माझी बोटं वळवळतात. मी ताटली विसळतो, कडेला धरतो, पुसतो आणि पुढची घेतो.